अण्णांची आगोट

सप्टेंबर उतरणीला लागला की अण्णा गाडीचं ऐकायला लागतात. एरवी ते घरात कुणाचं फारसं ऐकत नाहीत, असं वहिनींचं म्हणणं आहे आणि दोन्ही मुलींचा त्याला दुजोरा आहे. पण त्या दिवसांत संध्याकाळी कामावरून आले की चहाच्या आधी ड्राइव्हवेमध्ये बॉनेट उघडतात, इंजिन चालू ठेवतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि डोळे मिटून, उजवा कान पुढे करून उभे राहतात. मधेच त्यांचा एक हात वर होतो. म्हणजे आपण बोलायचं नाही. मग बॉनेट हळूच खाली आणून दोन्ही तळव्यांनी दाबून लावतात आणि निदान सांगतात, "बेल्ट बोलतोय जरासा. थंडीच्या आधी बघायला हवं."

बाहेर तेव्हा छान ऊन असतं आणि शेजारचा गृहस्थ अर्ध्या चड्डीत हिरवळ कापत असतो.

अण्णा मूळचे चिपळूणचे. कॅनडात, विनिपेगला येऊन त्यांना वीसेक वर्षं झाली. इथल्या एका बसच्या कारखान्यात ते तयार बस तपासतात. दुसऱ्याने जोडलेल्या वस्तूत खोट काढण्याचा त्यांना पगार मिळतो. घरी तेच काम ते विनामोबदला करतात. गाडी म्हणजे २००९ सालची टोयोटा कोरोला. तिचा रंग घेतली तेव्हा सोनेरी होता, आता त्याला नाव नाही. वहिनींची गाडी वेगळी आहे, नवी आहे, उंच आहे, आणि तिच्याबद्दल अण्णांना काडीचंही कौतुक नाही. "तिला काय धाड भरलीय," एवढंच ते म्हणतात.

विनिपेगच्या थंडीची कल्पना नसलेल्यांसाठी सांगतो. जानेवारीत रात्रीचं सरासरी तापमान उणे वीस-एकवीसपर्यंत उतरतं. ही सरासरी झाली. मधेच उत्तरेकडून एखादी लाट येते आणि पारा उणे पस्तिसाच्या खाली जाऊन बसतो. शहराच्या नोंदीतला नीचांक आहे उणे ४७.८, तारीख २४ डिसेंबर १८७९. बाकीचे विनिपेगकर उणे तिसाची तयारी करतात. अण्णा तयारी करतात ती १८७९ची. "एकदा पडलीय ना तेवढी? मग परत पडू शकते," हा त्यांचा मुद्दा. त्या वेळी या गावात एकही मोटार नव्हती, असं एकदा कुणीतरी त्यांना सुनावलं. "म्हणून तर निभावलं," अण्णा म्हणाले.

या माणसाला समजून घ्यायचं तर कोकणातली आगोट आठवावी लागते. मृगाच्या आधी घरातल्या कर्त्या माणसाच्या अंगात जे येतं ते अण्णांच्या अंगात सप्टेंबरात येतं. कौलं परतायची, पडवीला झापं बांधायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, पापड-कुरडया, फणसाची साठं, आमसुलं, सगळं डब्यांत. पावसाने चार महिने दार अडवून धरलं तरी घराचं काही अडायला नको. अण्णांचे वडील हे सगळं करायचे आणि पहिला पाऊस पडला की पडवीत खुर्ची टाकून, एकही थेंब कुठे गळत नाही, याकडे समाधानाने बघत बसायचे. मुलाने घर सोडलं, गाव सोडलं, देश सोडला, पण आगोट सोडली नाही. फरक इतकाच, की इथे कौलं नाहीत, त्यामुळे सगळा भार कोरोलावर आला.

दुसरा संस्कार बजाज चेतकचा. पावसाळ्यातल्या सकाळी चेतक किकला दाद द्यायची नाही. मग ती एका अंगावर पार आडवी होईस्तोवर कलती करायची, पेट्रोल उतरू द्यायचं, उभी करायची आणि पुन्हा किक. आळीतल्या समस्त गॅलऱ्या हे बघत असत. सकाळच्या वेळी आपली गाडी चालू न होणं ही यांत्रिक अडचण नसून इभ्रतीचा प्रश्न आहे, हे अण्णांच्या मनावर तेव्हाच कोरलं गेलं.

खंडेनवमीला त्यांच्या बेसमेंटमध्ये पाट मांडला जातो. पाटावर लाल कापड, कापडावर जॅक, फुली पाना, हवेचा गेज, अँटीफ्रीझ तपासायचं हायड्रोमीटर आणि मधोमध टॉर्क रेंच. वहिनी सगळ्यांना हळदकुंकू वाहतात. टॉर्क रेंच मात्र स्वतःच्या प्लास्टिकच्या पेटीतच राहतं. पूजा पेटीची होते. कुंकवाचा कण आत गेला तर माप चुकेल, ही भीती. देवीला ते चालत असावं.

दसऱ्याला खरं तर टायर बदलायचे. मुहूर्त उत्तम, पण पंचांग विनिपेगचं नाही. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहील असं बनवलेलं असतं, आणि साधारण सात अंशांच्या खाली हवा गेली की मगच ते घालायचे. उन्हात ते भराभर झिजतं. साध्या टायरचं उलट. ते थंडीत कडक होतात आणि रस्ता सोडतात. २०२३ साली अधिक श्रावण आला, दसरा २४ ऑक्टोबरला गेला, आणि अण्णांच्या शब्दांत, "धर्म आणि रबर दोन्ही जुळून आलं." २०२५ साली दसरा पडला २ ऑक्टोबरला. त्या वर्षी अण्णांनी मुहूर्तावर एका चाकाचा एक नट सैल केला, परत घट्ट केला, आणि बाकीचे एकोणीस महिन्याच्या शेवटी बघू म्हणाले. अधिक मास दर वर्षी का नसतो, याचं दुःख विनिपेगात एवढ्या मनापासून दुसऱ्या कुणाला होत नसेल.

टायर बदलणं बघण्यासारखं असतं. दुकानात हे काम अर्ध्या तासात होतं. वहिनींच्या गाडीचं तिथेच होतं, आणि वहिनी तेवढ्या वेळात कॉफी पिऊन मैत्रिणीशी फोनवर बोलून घेतात. अण्णांना अख्खा शनिवार लागतो. काढलेलं प्रत्येक चाक आधी भिंतीला टेकवून त्याच्या खाचांतले खडे स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने एकेक करून काढायचे. मग कोरडं पुसायचं. मग आतल्या अंगाला पिवळ्या खडूने लिहायचं: पु.डा., पु.उ., मा.डा., मा.उ. म्हणजे पुढचं डावं वगैरे. एकदा दुकानातल्या कारागिराने ती अक्षरं पाहिली आणि ही काही धार्मिक खूण आहे का, असं अदबीने विचारलं. अण्णा हो म्हणाले.

हिवाळी चाक चढलं की नट आधी हाताने, मग पान्याने, तेही एका ओळीत नाही. एक लावला की त्याच्या समोरचा, चांदणी काढत जायचं. सर्वात शेवटी टॉर्क रेंच, १०३ न्यूटन-मीटरवर. रेंच 'टक्' करतं तेव्हा अण्णा वर बघतात. वीस नट, वीस टक्. धाकटी मुलगी लहान असताना मोजायला उभी असायची. आता ती वरच्या खिडकीतून "झाले का बाबा, जेवायचंय," एवढंच ओरडते. पण काम तिथे संपत नाही. चाक बसल्यावर शंभरेक किलोमीटर गाडी चालवून नट पुन्हा तपासायचे असतात. विनिपेगभोवती पेरिमीटर हायवे नावाचा गोल रस्ता आहे, त्याची एक फेरी साधारण नव्वद किलोमीटरची. रविवारी पहाटे अण्णा ही प्रदक्षिणा घालतात, घरी येतात आणि पुन्हा वीस नटांना रेंच लावतात. आजवर एकही सैल निघालेला नाही, हे ते जरा खेदानेच सांगतात.

उतरवलेली चारही चाकं बेसमेंटमध्ये तांदळाच्या पोत्यांशेजारी झोपतात. भारतातून आलेले पाहुणेही तिथेच झोपतात. चाकांखाली पुठ्ठा असतो.

दुसऱ्यांच्या टायरवरही अण्णांचं लक्ष असतं. दिवाळीच्या कार्यक्रमाला सगळे आत नाटक बघत असताना ते हॉलच्या पार्किंगमध्ये विजेरी घेऊन उकिडवे बसलेले सापडतात. टायरच्या अंगावर तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण अशी खूण असेल तर तो खरा हिवाळी टायर. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं असेल तर अण्णा मालकाला शोधून काढतात, आणि नाटकाच्या मध्यंतरात बटाटेवडा हातात धरलेल्या त्या गृहस्थाला बाजूला घेतात. क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. मॅनिटोबात सक्ती नाही. सरकारी विमा कंपनी फार तर टायर घ्यायला कर्ज देते. "इथे लोकांच्या अकलेवर सोडलंय," अण्णा म्हणतात आणि समोरच्याच्या वड्याकडे बघतात.

टायरनंतर पाणी. यात अण्णांचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे नाशिकहून शिकायला आलेला एक मुलगा. त्याने पहिल्याच हिवाळ्यात पुरती म्हातारी झालेली एक सिव्हिक घेतली आणि हुशारी करून तिच्यात पाणी न मिसळता नुसतंच अँटीफ्रीझ ओतायला निघाला. जितकं जास्त तितकं बरं, हा त्याचा हिशेब. अण्णांनी बाटली त्याच्या हातातून काढून घेतली.

"हे नुसतं कितीला गोठतं सांग."

"उणे पन्नास?"

"उणे तेरा. आणि नुसतं पाणी?"

"शून्य."

"आणि दोन्ही निम्मं निम्मं?"

मुलगा गप्प.

"उणे सदतीस!" अण्णा म्हणाले. "एकट्याने दोघंही गारठतात. संसार कर म्हणजे टिकशील."

वहिनी तेव्हा आतून पोहे घेऊन येत होत्या. त्या म्हणाल्या, "हे मला कधी नाही सांगितलंत ते." अण्णांनी हायड्रोमीटर उजेडाकडे धरून त्यातल्या तरंगत्या काट्याकडे फार लक्ष देऊन पाहिलं.

बाकीची किरकोळ कामं मी भराभर सांगतो, ती ते भराभर करत नसले तरी. काचेवर उडवायचं निळं पाणी, उणे चाळिसापर्यंत न गोठणारं. इंजिन ऑइल पातळ जातीचं, थंडीत काकवी न होणारं. दारांच्या रबरांना सिलिकॉन, नाहीतर दार चौकटीला चिकटतं आणि ओढलं की रबर हातात येतं. (इथे खोबरेल चालेल का, असं एकदा मी विचारलं होतं. अण्णांनी मला बाथरूममध्ये नेऊन खोबरेलाची बाटली उलटी करून दाखवली. काही पडलं नाही.) पेट्रोलची टाकी निम्म्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. टायरमधली हवा दर पंधरवड्याला, कारण दर पाच-सहा अंशांना दाब एकेक पीएसआयने उतरतो. ऑक्टोबरात बत्तीस भरलेली जानेवारीत पंचवीसवर आलेली असते, आणि कुणी काढून नेली नाही हे लोकांना पटत नाही.

बॅटरीचं प्रकरण मात्र हळवं आहे. बॅटरीवर सीसीए नावाचा आकडा छापलेला असतो: उणे अठरा अंशांत ती इंजिनाला फिरवायला तीस सेकंद किती अँपिअर देऊ शकेल त्याचा. अण्णांना घरातल्या मंडळींचे वाढदिवस विचारावे लागतात, पण ओळखीतल्या झाडून सगळ्यांच्या गाड्यांचे सीसीए तोंडपाठ आहेत. थंडीत बॅटरीची ताकद निम्म्यावर येते आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिनाला दुप्पट जोर लागतो. शिवाय भरलेली बॅटरी उणे पन्नासातही गोठत नाही, पण रिकामी झालेली उणे दहाच्या आतबाहेरच बर्फ होते. "भरल्या पोटाची थंडीला भीत नाही," असं सांगून अण्णा दिव्यांचं बटण पुन्हा एकदा तपासून येतात.

आणि मग ब्लॉक हीटर. विनिपेगातल्या गाड्यांच्या तोंडातून एक वायर बाहेर लोंबत असते, विजेची. नवा आलेला माणूस रस्त्यात थांबून बघतो. रात्री ती वायर घराबाहेरच्या प्लगला लावायची, म्हणजे इंजिनातलं पाणी कोमट राहतं आणि सकाळी गाडी कुरकुर न करता चालू होते. कचेऱ्यांच्या पार्किंगमध्येही त्यासाठी खांबाखांबाला प्लग असतात. अशा हीटरचा पूर्वज काढला तो सीमेपलीकडे, नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्स गावच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी. इंजिनाचा एक बोल्ट काढून त्या जागी आतून तापणारा बोल्ट बसवायचा, अशी ती युक्ती होती. पेटंट मिळालं १९४९ साली. फ्रीमन ग्रामीण वीज सहकारी संस्थेचे व्यवस्थापक होते. हे कळल्यापासून अण्णांचा ऊर भरून आलेला आहे. "सहकारातला माणूस!" ते म्हणतात. "आपल्याकडे सहकारातून साखर निघाली, यांच्याकडे ऊब निघाली." फ्रीमन यांचा फोटो मोठा करून बैठकीत लावायचा त्यांचा बेत होता, तो वहिनींनी गॅरेजपर्यंत मागे ढकलला.

वायर रात्रभर लावणं त्यांना मंजूर नाही. हीटर चारशे वॅटच्या आसपासचा, पुरे होतात तीन तास. म्हणून टायमर. पहाटे तीनला चालू, सहाला बंद. रोजचे दहा-बारा सेंट. हा हिशेब ते पाहुण्यांनाही सांगतात. पाहुणे रुपयांत करून बघतात आणि मान डोलावतात. सकाळच्या घाईत वायर न काढता गाडी हाकणारे आणि प्लगासकट दहा मीटर केबल रस्त्यावरून ओढत नेणारे महाभाग इथे दर हिवाळ्यात दिसतात. तसं होऊ नये म्हणून अण्णा रात्री स्टिअरिंगला लाल चिंधी बांधतात. चिंधी सोडल्याशिवाय गाडी वळत नाही, आणि वायर काढल्याशिवाय चिंधी सोडायची नाही, असा नियम आहे. नियम फक्त अण्णांना लागू आहे. दुसऱ्या कुणाला ते ही गाडी देत नाहीत.

डिकीत काय असतं ते एकदा सगळं बाहेर काढून मला दाखवलं होतं. फावडं. वाळूची पिशवी. बूस्टर केबल, जाड तांब्याची, "बाजारात मिळते तसली तारेची नाही." ओढायचा दोर. पत्र्याच्या डब्यात मेणबत्त्या आणि काड्यापेटी. गाडी हिमवादळात अडकली तर एका मेणबत्तीने आतली हवा बऱ्यापैकी सुसह्य राहते, मात्र काच बोटभर उघडी ठेवायची. आईने शिवलेली गोधडी. आणि कॅट लिटर, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी मिळणारी खडीसारखी माती. चाक बर्फावर जागच्या जागी फिरायला लागलं की त्याखाली टाकली तर पकड मिळते. अण्णांकडे मांजर नाही. दुकानातली काउंटरवरची बाई दर वर्षी मांजराचं नाव विचारते. पहिल्या वर्षी अण्णांनी सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला. आता ते "कोरोला" म्हणतात. गेल्या वर्षी बाईने कोरोलाची तब्येत विचारली.

खाण्याच्या डब्यावर बरेच प्रयोग झाले. दिवाळी नुकतीच झालेली असते, तेव्हा पहिला मान बेसनाच्या लाडवाचा. रात्रभर डिकीत राहिलेला लाडू अण्णांनी सकाळी चाखायला घेतला; दात शाबूत आहेत हे नशीब. त्यांनी तो गॅरेजच्या फरशीवर टाकून पाहिला. फुटला नाही, घरंगळत कोपऱ्यात गेला. चकली टिकली, पण हातमोज्यांनी धरता येईना. शेवटी चिवडा मुक्रर झाला. त्यात पाण्याचा अंश नाही, तेव्हा गोठायला काही नाही. "चिवडा उणे चाळिसालाही चिवडाच असतो," हे अण्णांचं अनुमान आहे आणि मी ते बरोबर मानतो.

तर अशी नोव्हेंबरअखेर गाडी सज्ज होते. मग बर्फ पडतं. आणि अण्णा बसने कामावर जातात.

याचं कारण ते समजुतीच्या सुरात सांगतात. पहिल्या बर्फात महापालिका रस्त्यावर मीठ टाकते, आणि मीठ म्हणजे गंज. गाडीच्या पोटाला ऑक्टोबरातच गंजरोधक तेल फवारून घेतलेलं असतं, पण तेल लावलंय म्हणून काय मुद्दाम मिठात लोळायचं? पुढे थंडी वाढली की मिठाचा उपयोग होत नाही, मग रस्त्यावर वाळू पडते. वाळूतले खडे पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडतात आणि काचेला टिकली पाडतात. म्हणजे डिसेंबरात मीठ, जानेवारीत वाळू, मार्चमध्ये वितळलेल्या बर्फाखाली खड्डे. एप्रिलमध्ये न्यायला हरकत नाही. तोवर बस आहे, आणि बस अण्णांनी स्वतः तपासलेली असते. खिडकीशेजारी बसून ते जोड न्याहाळत जातात.

घरची सगळी ये-जा वहिनींच्या गाडीतून. ती बाहेर उघड्यावर उभी असते, गॅरेजमध्ये जागा नसल्यामुळे. वायर वहिनी आठवेल तेव्हा लावतात. गाडी चालू होते. बाजूच्या सीटवर बसलेले अण्णा तोंडाने नाही तरी पायाने ब्रेक मारत राहतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाताना एका वळणावर वहिनींची गाडी जराशी घसरली, त्यांनी ती शांतपणे सावरली, आणि अण्णा म्हणाले, "कोरोला असती तर घसरली नसती." वहिनी म्हणाल्या, "खरंय. ती गॅरेजमध्ये आहे."

रविवारी दुपारी मात्र रस्ता कोरडा असेल तर ते तिला अर्धा तास फिरवून आणतात. जागच्या जागी पाच मिनिटं इंजिन चालवून बॅटरी भरत नाही, उलट उतरते. परतल्यावर पुन्हा कान देणं आलंच.

इतकी तयारी कशासाठी, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचं उत्तर वर्षातून तीन-चार सकाळी मिळतं. लाट आलेली असते, पारा उणे अडतिसावर, घराच्या भिंती रात्रभर ठुसठुस वाजलेल्या. बाहेर पाऊल टाकलं की नाकातले केस ताठ होतात आणि पायाखालचं बर्फ कर्रकर्र करतं. अशा सकाळी साडेसहाला मराठी मंडळींचे फोन सुरू होतात, आणि ते सगळे एकाच ठिकाणी जातात. गेल्या जानेवारीत नाशिकच्या मुलाचा गेला.

"काका, गाडी नुसतं टकटक करतेय."

"वायर लावली होतीस?"

"लावली होती. प्लगाचं बटण बंद होतं बहुतेक."

"सीसीए किती?"

तो आकडा त्याला माहीत नव्हता. अण्णांना माहीत होता. त्यांनी विचारलं ते परीक्षा म्हणून.

त्या मुलाच्या घराशेजारीच मी राहतो, म्हणून ती स्वारी मला खिडकीतून नीट दिसली आणि मग राहवेना म्हणून मी खाली गेलो. कोरोला गल्लीत शिरली ती धड धड धड करत. रात्रभर उभ्या गाडीचे टायर खालच्या बाजूला चपटे होऊन तसेच गोठतात आणि पहिला किलोमीटरभर चाकं चौकोनी असल्यागत चालतात. पाठीमागे वाफेचा पांढरा लोट. रेडिएटरच्या पुढे अण्णांनी बेतून कापलेला पुठ्ठा. मीठ, वाळू, खडे, काही आडवं आलं नव्हतं. अण्णा उतरले: डोक्यावर कानटोपी, तिच्यावर पार्काची टोपी, मधे चष्मा, तोही वाफेने आंधळा झालेला. चेहऱ्यावर मी आधी कधी न पाहिलेली प्रसन्नता.

त्यांनी स्वतः काही जोडलं नाही. मुलाकडून जोडवून घेतलं. "लाल आधी मेलेल्याच्या प्लसला. मग जित्याच्या प्लसला. काळी जित्याच्या मायनसला. आता चौथं कुठे?" मुलगा बॅटरीकडे वळला. "अंहं! बॅटरीपासून लांब. इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. ठिणगी उडाली तर तिकडे उडू दे." मुलाची बोटं वाकेनात. अण्णांनी स्वतःचे हातमोजे काढून त्याला दिले आणि आपले हात काखेत घातले. दहा मिनिटं कोरोला नुसती उभी राहून गुरगुरत होती. मग अण्णांनी हात वर केला, सगळे गप्प झालो, आणि म्हणाले, "मार."

सिव्हिकने दोन आचके दिले आणि चालू झाली. अण्णांनी डोळे मिटून कान पुढे केला.

"बेल्ट बोलतोय तुझा," ते म्हणाले.

पुढे बोलणी खाणं झालं, चिवडा खाणं झालं, आणि त्यांना लगेच दुसरीकडे जायचं होतं. त्या सकाळी कोरोलाने किती दारं केली कोण जाणे. वहिनी तोवर स्वतःच्या गाडीने कामावर पोचल्या होत्या आणि अण्णांनी कारखान्यात कळवलं होतं की थंडीमुळे यायला उशीर होईल.

तेव्हा येत्या हिवाळ्यात विनिपेगला नव्याने येणार असाल तर एवढं करा. पारा उणे पंधराच्या खाली जाणार असेल त्या रात्री गाडी प्लगला लावा, आणि प्लगाचं बटण चालू आहे का बघा. तरीही सकाळी गाडी रुसली तर संकोच न करता अण्णांना फोन करा, ते खरंच येतात. फक्त फोन लावायच्या आधी बॅटरीवरचा सीसीएचा आकडा कागदावर लिहून घ्या. तो सांगितल्याशिवाय ते बूट घालत नाहीत.